शेणखतातली अळी आणि तिला पाळणारी माणसं

मे महिना सरत आला की वऱ्हाडातल्या गावागावांत शेणखताचे खड्डे उघडले जातात. वर्षभर साठलेले खत गाडीत भरून वावरात नेऊन टाकायचे आणि मृगाची वाट पाहायची, हा जुना क्रम. खड्डा तळाशी उकरला जाऊ लागला की त्यात अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वळलेल्या अळ्या दिसू लागतात. कोंबड्या आणि कावळे आधीच हजर असतात.

अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका गावात आम्ही शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. सातवीतला एक मुलगा वडिलांबरोबर शाळेत आला. डब्यात अशा पाच-सहा अळ्या होत्या. वडील म्हणाले, "उन्नी हाय जी हे. खतासंगं वावरात गेली का पऱ्हाटीच्या मुया खाते. खतात पावडर टाकू का समदं खतच फेकून देऊ?"

दोन गाड्या खताचा प्रश्न होता. वर्गात आम्ही 'हुमणी ही पिकांची शत्रू' एवढे एक वाक्य शिकवत आलो होतो. (हुमणीलाच आपल्याकडे उन्नी म्हणतात.) पण डब्यातली अळी तीच की दुसरी, हे आम्हाला सांगता आले नाही. त्यांना आठ दिवस थांबायला सांगितले आणि आम्ही शोधाला लागलो. त्या शोधात हाती आलेला इतिहास इथे मांडत आहोत. तो एका भुंग्याचा आहे, तसाच त्या भुंग्याला आपल्याजवळ ठेवून घेणाऱ्या माणसांचाही आहे.

अळीच्या पोटातला भुंगा

डब्यातल्या मोठ्या अळ्या निघाल्या गेंड्या भुंग्याच्या. कोकणातला नारळवाला या भुंग्याला चांगला ओळखतो. दीड ते दोन इंच लांब, काळा-तपकिरी, चकाकता आणि डोक्यावर मागे वळलेले एक शिंग. पावसाळ्यात रात्री दिव्यावर येऊन आपटतो. हातात धरला की चर्रचर्र आवाज करतो.

पांढरी, मऊ अळी आणि हा चिलखत घातलेला भुंगा हे एकाच जिवाचे दोन अवतार आहेत, हे आज आपण सहज म्हणतो. सतराव्या शतकात ते सहज नव्हते. कुजणाऱ्या पदार्थांतून किडे आपोआप निर्माण होतात, असे तेव्हा बहुतेकांना वाटे. एका प्राण्याचे दुसऱ्या प्राण्यात एकदम रूपांतर होते, असेही मानले जाई. हॉलंडमधल्या यान स्वामरडॅम (१६३७-१६८०) या डॉक्टरने युरोपातल्या गेंड्या भुंग्याच्या अळ्या आणि कोष उघडून पाहिले. बारीक कात्र्या आणि भिंग घेऊन त्याने अळीची आतडी, श्वासनलिका आणि मज्जातंतू उलगडले, त्यांची चित्रे काढली. कोषातच त्याला भुंग्याचे पाय, पंख आणि शिंग घडीसारखे दुमडलेले दिसले. रूपांतर म्हणजे जादू नव्हे, हळूहळू होणारी वाढ आहे, हे त्याने दाखवून दिले. त्याचे हे काम पुस्तकरूपाने आले ते त्याच्या मृत्यूनंतर अर्ध्याहून अधिक शतकाने, १७३७-३८ मध्ये.

आपल्याकडच्या गेंड्या भुंग्याला १७५८ साली लिनियसने शास्त्रीय नाव दिले. पुढे त्याची प्रजाती ऑरिक्टीस ठरली, आणि आज त्याला ऑरिक्टीस ऱ्हायनोसेरॉस म्हणतात. ग्रीक भाषेत ऑरिक्टीस म्हणजे खणणारा. नाव अगदी सार्थ आहे.

टाचणीवरचा भुंगा आणि जिवंत भुंगा

नाव मिळाले, तसे संग्रहालयांच्या पेट्यांत भुंगे टाचले जाऊ लागले. भारतातल्या या कुळातल्या भुंग्यांचे सविस्तर वर्णन गिल्बर्ट ॲरो यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेच्या १९१० च्या खंडात केले. भुंगा ओळखायला असे ग्रंथ लागतातच. पण टाचणीवरचा भुंगा काय करतो, हे पेटी सांगत नाही.

याचे उत्तम उदाहरण खुद्द डार्विनचे आहे. नरांची शिंगे एवढी मोठी का? १८७१ च्या आपल्या पुस्तकात डार्विनने हा प्रश्न घेतला. संग्रहातली शिंगे तपासली गेली होती. ती लढाईत झिजावीत तशी झिजलेली नव्हती. तेव्हा ही शिंगे झुंजीसाठी नसून शोभेसाठी असावीत, असा त्याचा कल झाला. १९४० च्या दशकात विल्यम बीब यांनी व्हेनेझुएलाच्या जंगलात हर्क्युलिस नावाचे महाकाय गेंड्या भुंगे जिवंत ठेवून पाहिले. यातला नर शिंगासकट १७ सेंटिमीटरपर्यंत भरतो. दोन नर समोरासमोर आले की ते शिंगांच्या चिमट्यात एकमेकांना पकडत, उचलत आणि आपटत. शिंगे लढाईचीच होती. डार्विनची बुद्धी कमी पडली नव्हती. त्याच्यासमोर जिवंत भुंगा नव्हता, एवढेच.

पुसा इथली नोंद

भारतात या भुंग्याला पाळून त्याचे चरित्र लिहिले गेले ते बिहारमधल्या पुसा या गावी. १९०५ साली तिथे सरकारी कृषी संशोधन संस्था सुरू झाली. (१९३४ च्या भूकंपात तिची इमारत पडली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला गेली, म्हणून दिल्लीतल्या त्या भागालाही आपण पुसा म्हणतो.) पुसा इथल्या कीटकशास्त्र विभागात सी. सी. घोष काम करीत. १९११ साली त्यांचा गेंड्या भुंगा आणि ताडमाडांवरचा सोंड्या भुंगा यांच्या जीवनक्रमावरचा लेख प्रसिद्ध झाला. मालिकेचे नावच 'भारतीय कीटकांची जीवनचरित्रे' असे होते.

जीवनचरित्र लिहायचे तर अंड्यापासून मरणापर्यंत सोबत राहावे लागते. घोषांनंतर अनेकांनी या भुंग्याला पाळले. त्या सगळ्यांच्या नोंदींतून आज त्याचे आयुष्य असे दिसते:

मादी कुजलेल्या शेणखतात किंवा ताडमाडांच्या कुजक्या खोडांत अंडी घालते. आयुष्यभरात साधारण ५० ते १००. अंडे साबुदाण्याएवढे, ३-४ मिलिमीटरचे. आठ ते बारा दिवसांत अळी बाहेर येते. ती दोनदा कात टाकते, म्हणजे अळीच्या तीन अवस्था होतात. पहिल्या दोन अवस्था प्रत्येकी दोन-तीन आठवड्यांच्या. तिसरी मात्र दोन महिन्यांपासून पाच महिन्यांहूनही अधिक लांबते. अन्न चांगले मिळाले तर लवकर आटोपते, नाहीतर रेंगाळते. पूर्ण वाढलेली अळी ६ ते १० सेंटिमीटर भरते. मग ती स्वतःभोवती पोकळी करून कोषात जाते. कोषावस्था अडीच ते चार आठवड्यांची. आत भुंगा तयार झाला तरी लगेच बाहेर पडत नाही. अंगाचे कवच कडक होईपर्यंत दोन-तीन आठवडे तिथेच राहतो. त्यानंतर चार ते नऊ महिने जगतो.

यातली महत्त्वाची गोष्ट ही की नुकसान करतो तो भुंगा, अळी नव्हे. भुंगा नारळाच्या किंवा शिंदीच्या शेंड्यातला कोवळा गाभा पोखरून रस पितो. पुढे ती झावळी उलगडली की कात्रीने त्रिकोण कापल्यासारखी दिसते. अळी मात्र कुजलेला पाला, लाकूड आणि शेण खाते. तिच्या आतड्याचा मागचा भाग फुगीर असतो आणि त्यात असंख्य जिवाणू राहतात. गवताकाडीतला जो चिवट भाग बैलाच्या पोटातूनही तसाच बाहेर पडतो, तो हे जिवाणू आंबवतात. बैलाने अर्धवट सोडलेले काम अळी पुढे नेते, असे म्हणायला हरकत नाही.

एका बेटावरची धावपळ

पाळण्याचे खरे मोल कळले ते पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवर. १९०९ च्या सुमारास श्रीलंकेहून आलेल्या रबराच्या रोपांबरोबर गेंड्या भुंगा तिथे पोहोचला. तिथे नारळ म्हणजे सर्वस्व. भुंग्याला तिथे कुणी शत्रू नव्हता. तेव्हाच्या जर्मन सरकारने लोकांना भुंगे आणि अळ्या वेचून आणून देण्याची सक्ती केली. तरी भुंगा हटला नाही. पुढे तो एका बेटावरून दुसऱ्या बेटावर पसरत गेला.

मग शोध सुरू झाला तो भुंग्याच्या आजारांचा. एक आजार आधीच माहीत होता. १८७९ साली ओडेसा इथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी गव्हावरच्या एका भुंगेऱ्याच्या अळ्यांवर हिरवी बुरशी वाढलेली पाहिली. कीड मारायला ही बुरशी वापरता येईल, असे त्यांनी तेव्हाच सुचवले. रोगप्रतिकारशक्तीवरच्या कामासाठी १९०८ चे नोबेल मिळवणारे मेचनिकॉव्ह ते हेच. ती बुरशी म्हणजे आज कृषी केंद्रात पाकिटातून मिळणारी मेटारायझियम. सामोआतही गेंड्या भुंग्याच्या अळ्यांवर ती वापरून पाहिली गेली.

दुसरा आजार सापडायला १९६३ साल उजाडले. जर्मन संशोधक हुगर मलेशियात गेले. भुंगा तिथला मूळचाच, तेव्हा त्याचे रोगही तिथेच असणार, हा त्यांचा तर्क होता. गोळा करून आणलेल्या अळ्यांमध्ये त्यांना काही निस्तेज, पोट काचेसारखे अर्धपारदर्शक झालेल्या अळ्या दिसल्या. त्यांना मारणारा एक विषाणू होता. १९६७ मध्ये तो सामोआत सोडण्यात आला आणि थोड्याच वर्षांत भुंग्यांची संख्या झपाट्याने घटली. पुढे तर एक साधी युक्ती रूढ झाली. भुंगे पकडायचे किंवा पाळून वाढवायचे, त्यांना विषाणू द्यायचा आणि पुन्हा सोडून द्यायचे. आजारी भुंगा लगेच मरत नाही. तो उडत राहतो आणि जिथे जाईल तिथे विष्ठेतून विषाणू पोहोचवतो. भारतात १९८३ मध्ये केरळातल्या भुंग्यांत या विषाणूची नोंद झाली, आणि पुढे लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावर तो सोडून नारळ वाचवले गेले.

गोष्ट इथे संपली असती तर छान झाले असते. पण २००७ मध्ये ग्वाम बेटावर आणि २०१३ मध्ये हवाईत हा भुंगा पुन्हा उपटला. हा वाण वेगळा निघाला. नेहमीच्या विषाणूला तो फारसा दाद देत नाही. म्हणून प्रयोगशाळांत आजही डब्यांमधून गेंड्या भुंगे पाळले जात आहेत.

पुन्हा आपल्या खड्ड्याकडे

आपल्या वऱ्हाडात नारळाची झाडे अंगणापुरती. नाल्याकाठची शिंदी मात्र भरपूर. शेणाचे खड्डे तर प्रत्येक गावात. तेव्हा भुंग्याला राहायला जागा आहे आणि खायलाही आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर बीएचसीची भुकटी आली आणि या प्रश्नाचे सोपे उत्तर मिळाल्यासारखे वाटले. खड्ड्यात भुकटी मिसळावी, अशी शिफारस होऊ लागली. अळ्या मरत. पण बीएचसी लवकर विघटित होत नाही. ते खताबरोबर वावरात जाई, तिथून चाऱ्यात आणि दुधात. १९९७ मध्ये भारतात त्यावर बंदी आली. 'पावडर' हा शब्द मात्र लोकांच्या तोंडी राहिला. आमच्याकडे आलेल्या त्या पालकांच्या तोंडीही तोच होता.

याहून चांगले उत्तर आपल्या शेजारीच तयार झाले होते. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली. माळव्यातही आपल्यासारखीच काळी माती आणि कापूस. पराटी, तुराटी असले कडक काड लवकर कुजत नाही म्हणून ते रस्त्यावर अंथरून गाड्यांच्या चाकांखाली चुरडून घेत. मग शेण, माती आणि राख यांच्याबरोबर थरांनी रचून ठरावीक दिवसांनी उलथत. नीट रचलेला ढीग आतून ६० अंश सेल्सियसच्या वर तापतो. एवढ्या उष्णतेत अळी जगत नाही आणि उलथताना उरलेल्या अळ्या हाती लागतात. पुढे आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात कमी शेणात खत करण्याची 'नाडेप' पद्धत रूढ केली. न उलथता वर्षभर साचत राहणारा खड्डा अळीला मानवतो. तापणारा, हवा खेळणारा ढीग मानवत नाही.

ही उन्नी की ती?

आता मूळ प्रश्न. कापूस, ज्वारी, भुईमूग यांच्या मुळ्या खाणारी उन्नी म्हणजे बहुधा होलोट्रिकिया या प्रजातीची अळी. तिचे लहान, तपकिरी, बिनशिंगाचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर पाला खायला जमतात. अळी जमिनीत मुळ्यांवर वाढते. लहानपणी दोघी अळ्या सारख्याच दिसतात. ओळखायचे कसे?

भिंग घ्या. अळीच्या शेवटच्या वलयाचे टोक पाहा. गेंड्या भुंग्याच्या अळीत गुदद्वाराची फट आडवी असते. उन्नीत ती इंग्रजी 'वाय' किंवा 'व्ही' अक्षरासारखी असते, आणि तिच्या पुढे बहुधा आखूड काट्यांच्या दोन समांतर ओळी दिसतात. खतात आणखी एक अळी सापडते, ती फुलांवरच्या भुंगेऱ्यांची. सपाट जमिनीवर ठेवली की ती पाठीवर उताणी होऊन सरपटते. मुलांना हे पाहायला फार आवडते.

भिंगाने समाधान झाले नाही तर प्रयोग करावा. आम्ही दहा कुंड्या घेतल्या. सगळ्यांत सारखी माती आणि जुने शेणखत घातले. सगळ्यांत ज्वारी पेरली. रोपे बोटभर झाल्यावर पाच कुंड्यांत खतातली एकेक मोठी अळी सोडली, पाच तशाच ठेवल्या. महिनाभराने दोन्हींत फरक दिसला नाही. पुढच्या पावसाळ्यात सुकत चाललेल्या रोपांखालून उन्नी आणून तोच प्रयोग केला. पिवळी पडलेली रोपे हलक्या हाताने उपटून आली. दहा कुंड्यांनी शास्त्र सिद्ध होत नाही, हे मुलांना सांगायला हवे. पण 'अळी दिसली म्हणजे शत्रू' हे वाक्य तपासता येते, हे त्यांना कळले.

वर्गात पाळायची तर

आमच्या पहिल्या तीन अळ्या चार दिवसांत मेल्या. काचेच्या बरणीत ताजे शेण भरून ती आम्ही खिडकीत ठेवली होती. ताजे शेण आंबते आणि तापते. त्यात आपल्याकडचे ऊन. दुसऱ्या वर्षी अळी कोषात गेली आणि उत्सुकतेपोटी आम्हीच कोष फोडला. भुंगा वाकडा निघाला. तिसऱ्या वर्षी जमले. त्यातून शिकलेले असे:

मातीची मोठी कुंडी घ्यावी, किमान वीतभर खोल. तीत जुने, वास न येणारे शेणखत आणि कुजलेला पाला भरावा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, एवढाच ओलावा ठेवावा. मोठी अळी एका कुंडीत एकच ठेवावी, कारण गर्दीत त्या एकमेकींना चावतात. कुंडी माठाशेजारच्या गारव्यात ठेवावी. वर जाळी बांधावी. खतावर चपट्या लेंड्या भरपूर दिसू लागल्या की अर्धे खत बदलावे. अळी दर पंधरा दिवसांनी तराजूत तोलून वहीत नोंद करावी. वर्गाला आलेख काढायला याहून चांगले साधन नाही. अळी पिवळसर होऊन खाणे थांबले की कुंडीला हात लावू नये. सहा-आठ आठवडे नुसती वाट पाहावी. भुंगा बाहेर आला की पिकलेले केळे किंवा उसाची कांडी द्यावी. शिंग आखूड आणि शेपटाकडे दाट केस असतील तर ती मादी.

एक पथ्य कटाक्षाने पाळावे. पाळलेला भुंगा दुसऱ्या गावी नेऊन सोडू नये. कोकणात तर मुळीच नाही. सामोआची कथा रोपांबरोबर गेलेल्या भुंग्यापासूनच सुरू झाली होती. जपानमध्ये मुले पिढ्यान्‌पिढ्या शिंगवाले भुंगे पाळत आली आहेत आणि १९९९ पासून तिथे परदेशी महाकाय भुंगेही विकत मिळू लागले. ते निसटून देशी भुंग्यांत मिसळतील, अशी चिंता तिथल्या शास्त्रज्ञांनाच वाटते. आपल्याकडे परवान्याशिवाय परदेशी जिवंत कीटक आणता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. आपल्या खड्ड्यातला भुंगा आपल्याला पुरेसा आहे.

त्या पालकांना आठ दिवसांनी आम्ही काय सांगितले? डब्यातल्या सगळ्या अळ्या गेंड्या भुंग्याच्या होत्या, पण खड्ड्यातल्या सगळ्या तशाच असतील असे नाही, हे सांगितले. खत फेकू नका, पावडरही टाकू नका. उन्हात पसरून चाळा आणि निघतील त्या अळ्या कोंबड्यांना घाला. त्यांनी तसे केले. दोन गाड्या खत वावरात गेले. आणि तो मुलगा दुसऱ्या दिवशी एक अळी वेगळी काढून घेऊन आला. "हे मारू नका सर," म्हणाला, "हे पाऊन ठेवू. काय होते ते पाहू."

स्वामरडॅमपासून हुगरपर्यंत सगळ्यांनी केले ते हेच. आपल्या शाळेजवळचा खड्डा या उन्हाळ्यात उघडेल तेव्हा तुम्हीही एक अळी वेगळी काढून ठेवा आणि वजनाची वही सुरू करा.